गॅलिया नार्बोकर

क्लेटनमध्ये चार मराठी माणसं एकत्र आली, की आधी पाऊस, मग घरांच्या किमती आणि चहाच्या दुसऱ्या कपाच्या सुमारास 'स्केलिंग', हा क्रम ठरलेला आहे. क्लेटन म्हणजे मेलबर्नच्या मध्यापासून आग्नेयेला १९ किलोमीटरवरचं आमचं उपनगर. इथे मोनॅश विद्यापीठ आहे, मोठं हॉस्पिटल आहे, २०१८ पासून खांबांवर चढून बसलेलं रेल्वे स्टेशन आहे आणि क्लेटन रोडवर ताजा कढीपत्ता आहे. माणसाला आणखी काय लागतं? तर स्केलिंग लागतं. व्हिक्टोरिया राज्याच्या बारावीला, म्हणजे व्हीसीईला, प्रत्येक विषयाचा स्कोअर ५० पैकी असतो. मग तो विषय घेणारी बाकीची पोरं किती तयारीची आहेत ते बघून तो वर किंवा खाली सरकवतात, आणि परभाषा असेल तर पदरात थोडं जादा माप टाकतात. लॅटिन घेणारी मुलं थोडी, पण सगळी पुस्तकात डोकं घालूनच जन्मलेली, त्यामुळे लॅटिनमध्ये ५० पैकी ५० पडले तर स्केलिंगनंतर ते चक्क ५० च्या वर जातात. आमच्या कोल्हापुरात असे मार्क पडले असते तर मास्तरांची चौकशी लागली असती.

आमच्या वेळी हे काम संस्कृत करायचं. संस्कृत ही भाषा आहे, तीत कालिदासाने काही लिहिलं आहे, वगैरे गोष्टी दुय्यम; संस्कृत हा 'स्कोअरिंग' विषय होता. मॅट्रिकला संस्कृतात पहिलं येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची स्कॉलरशिप मिळायची. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली, पुढे ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, आणि ही हकिगत माझ्या वडिलांनी मला इतक्या वेळा ऐकवली की नोटेवरची सही बघितली तरी मला देव शब्द चालवावासा वाटे. मला ती स्कॉलरशिप मिळाली नाही. पण मार्क चिक्कार पडले, आणि ते आजतागायत माझ्या डोक्यात चढून बसले आहेत.

त्यामुळे आमच्या लेकीने शाळेत लॅटिन घेतलं, तेव्हा मी तिला जे म्हणालो ते प्रत्येक मराठी बापाने म्हटलं असतं. "अगं, संस्कृत येतं म्हणजे लॅटिन येतंच." पुरावा म्हणून मी सर विल्यम जोन्स यांना बोलावलं, ज्यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमाच्या असाव्यात असं सांगितलं होतं. ते कमी पडेल की काय म्हणून मी आमच्या पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीला उभं केलं. तिथे १९४० च्या दशकात पोसायडन या समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती सापडली, रोमन व्यापाराबरोबर आलेली, ती आजही कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. सातवाहनांच्या काळात रोमन माल थेट आमच्या पेठेत उतरत होता, तेव्हा लॅटिनवर आमचा वडिलोपार्जित हक्क पोचतो, असं माझं एकूण म्हणणं. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही म्युझियममध्ये गेला होतात?" मी विषय बदलला.

विषय बदलण्यासाठी मी मोनॅशचं बोधवाक्य निवडलं, ही माझी खासियत. आम्ही विद्यापीठाच्या आवारातून चाललो होतो, फलकावर विद्यापीठाचं चिन्ह होतं, खाली 'अँकोरा इम्पारो' ही अक्षरं होती, आणि माझ्या अंगात जोन्स संचारले होते. लॅटिनमध्ये 'अँकोरा' म्हणजे नांगर हे मला कुठूनसं माहीत होतं, 'इम्पारो'त 'प्रिपेअर' ऐकू येत होतं, तेव्हा मी ठणकावून सांगितलं, "मी नांगर तयार करतो." समुद्र बराच लांब असल्याने हा नांगर जहाजाचा नसून शेतीचा असणार, १९६१ साली पहिली मुलं इथे शिकायला आली तेव्हा आजूबाजूला भाजीचे मळे असणारच, म्हणून संस्थापकांनी बळिराजाला दिलेली ही मानवंदना आहे, इतकी कमान मी त्या एका मराठी शब्दावर बांधली. मागून येणारी एक विद्यार्थिनी नम्रपणे थांबली आणि म्हणाली की ते लॅटिन नाही, इटालियन आहे. मायकेलअँजेलोच्या नावावर सांगतात. अर्थ, 'मी अजून शिकतो आहे'. लेक माझ्याकडे बघत राहिली. संस्थापकांनी ते वाक्य माझ्यासाठीच लिहून ठेवलं असावं.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. तिच्या शाळेत भाषांची संध्याकाळ होती. प्रत्येक भाषेचा एक कोपरा, पालकांनी मदत करावी अशी चिठ्ठी. चिनी कोपऱ्यात सुलेखन, फ्रेंच कोपऱ्यात खाणं, आणि लॅटिनच्या वाट्याला आला होता रोमन प्रांत, तोही एकच: गॅलिया नार्बोनेन्सिस. म्हणजे आजच्या फ्रान्सचा दक्षिण किनारा. इसवी सनापूर्वी १२१ च्या सुमारास रोमने तो घेतला, ११८ साली तिथे नार्बो ही वसाहत वसवली (आजचं नार्बोन), आणि ऑगस्टसच्या काळात त्या गावावरून प्रांताला हे नाव पडलं. त्याआधी रोमन लोक त्याला नुसतं 'प्रोविन्किया' म्हणायचे, 'आपला प्रांत', आणि त्या हाकेचं आज प्रोव्हान्स झालं आहे. ('सी'चा उच्चार तिथे 'क' आहे, हे मला लेकीने शिकवलं. सिसेरो हा किकेरो आहे. ती घरात 'किकेरो, किकेरो' घोकायला लागली तेव्हा मी अंगणात काकाकुवा शोधून आलो.)

या 'प्रोविन्किया'ने मला मात्र खरोखर खूश केलं. त्याचा मूळ अर्थ प्रदेश नाहीच. अधिकाऱ्याला नेमून दिलेलं काम, म्हणजे आपल्या भाषेत खातं. कुणाला सिसिली, कुणाला गॅलिया, कोणतं खातं कुणाला हे पुष्कळदा चिठ्ठ्या टाकून ठरायचं, आणि मलईदार खातं मिळालं की माणूस कर्ज फेडून, वर घर बांधून परत यायचा. सिसिली खाणाऱ्या व्हेरेसवर किकेरोने इसवी सनापूर्वी ७० मध्ये खटला चालवून त्याला पळवून लावलं, आणि लगेच पुढच्या वर्षी गॅलियात तसंच केल्याचा आरोप असलेल्या फोन्तेयसचं वकीलपत्र घेतलं. दोन हजार वर्षांपूर्वीची ही बातमी मी सौ.ला वाचून दाखवली, तर ती म्हणाली, "आजच्याच पेपरात आहे का?"

व्याकरणाचं काम मी स्वतःकडे घेतलं. 'गॅलिया' हा शब्द आपल्या 'माला'सारखा निघाला, अगदी गरीब. प्रथमा गॅलिया, द्वितीया गॅलियाम, षष्ठी गॅलियाय. मालाम् आणि गॅलियाम, बघा, बघा, असं मी घरभर फिरून सांगितलं. विशेषणाचं काय, तर त्याच प्रांताचं जुनं नाव 'गॅलिया ट्रान्सअल्पिना', म्हणजे आल्प्सपलीकडची. त्याची द्वितीया 'गॅलियाम ट्रान्सअल्पिनाम'. शेजारची 'गॅलिया बेल्गिका', तिची 'गॅलियाम बेल्गिकाम'. नामाच्या शेवटी जे, तेच विशेषणाच्या शेवटी. एवढ्या पुराव्यावर तर कोर्टात जामीन मिळतो. मग 'नार्बोनेन्सिस'च्या शेवटी हे 'इस' कुठून आलं? मी चष्मा काढून विचार केला आणि ठरवलं की लेकीने उतरवून घेताना गडबड केली आहे. गॅलिया स्त्रीलिंगी आहे, 'आ'कारान्त आहे, तर विशेषणही 'आ'कारान्तच हवं. मी ते दुरुस्त केलं: गॅलिया नार्बोनेन्सा, गॅलियाम नार्बोनेन्साम, गॅलियाय नार्बोनेन्साय. कानाला काय गोड! उत्तरेच्या प्रांताचं नाव लुग्दुनेन्सिस होतं (लुग्दुनुम म्हणजे आजचं लिऑन), त्यालाही उपकार म्हणून लुग्दुनेन्सा करून टाकलं. सौ.ने स्वयंपाकघरातून विचारलं, "लुगड्याचं काय झालं?"

आता नुसता कागदी तक्ता करून गप्प बसलो असतो तर हा लेख झाला नसता. पण आपली संस्कृतीही दिसली पाहिजे, म्हणून मी नकाशा रांगोळीचा करायचं ठरवलं. हार्डवेअरच्या दुकानातून प्लायवूड आणलं, त्यावर पाण्यात कालवलेला फेविकॉल फासला, आणि सौ.ची चहाची गाळणी पळवून तिच्यातून रांगोळी चाळत बसलो. गाळणी हळू आपटली की रंग एकसारखा पडतो, जोरात आपटली की आल्प्स तयार होतात. रोमसाठी लाल, बाकीच्या गॅलियासाठी पिवळा, भूमध्य समुद्रासाठी निळा. खाली ठसठशीत काळ्या रंगात विभक्तींचा तक्ता, चौकटीसकट. दुसऱ्या दिवशी चहा गुलाबी झाला, तो मी मुकाट्याने प्यायलो.

गराजमध्ये हे चाललं असताना शेजारचे ग्रीक आजोबा लिंबं घेऊन आले. त्यांच्या परसात लिंबाचं झाड आहे आणि मेलबर्नच्या रिवाजाप्रमाणे ते लिंबं वाटत असतात. त्यांनी नकाशाकडे पाहिलं आणि किनाऱ्यावर बोट ठेवलं. "हे काय?" मी म्हणालो, मासालिया, आजचं मार्सेय. "मग लाल का?" मी म्हणालो, रोमन प्रांत. आजोबांनी लिंबं खाली ठेवली. मासालिया ही ग्रीकांनी वसवली, इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास, तेव्हा रोम हे छोटंसं गाव होतं, प्रांत तिच्या चहूबाजूंनी पसरला तरी ती आपल्या कायद्याने चालत होती, सीझरने वेढा घालून ४९ साली तिला नमवलं, आणि आता तू, मित्रा, दोन डॉलरच्या रंगाने नमवतो आहेस? हे सगळं खरं होतं, नंतर मी तपासलं. मी घाबरून मासालियावर निळा ठिपका घातला, पण लालावर निळा पडून तो जांभळा झाला, आणि जांभळा तर रोमन बादशहाचा रंग. वातावरण निवळावं म्हणून मी त्यांना कोल्हापूरच्या पोसायडनची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "पोसायडन? तोही आमचाच." जाताना त्यांनी दोन लिंबं परत नेली.

शाळेपर्यंतचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण आठवला की पोटात कालवतं. फेविकॉल वाळायला वेळ लागतो ही गोष्ट मराठी माणसाला लहानपणापासून माहीत असते आणि ऐन वेळी आठवत नाही. पहिल्या स्पीड ब्रेकरला पिरिनीज पर्वत सरकला, दुसऱ्याला भूमध्य समुद्राने स्पेनमध्ये प्रवेश केला, आणि सिग्नलला मी जरा जोरात ब्रेक दाबला तेव्हा सीझरला आठ-नऊ वर्षं लागलेली कामगिरी आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर एका झटक्यात पार पडली. सगळी गॅलिया लाल. एक गोष्ट मात्र जागची हलली नव्हती. विभक्तींचा तक्ता मी ऑइलपेंटने काढला होता.

लॅटिनच्या मॅडम म्हणजे फार सज्जन बाई. त्यांनी रांगोळीचं मनापासून कौतुक केलं, ती कशी चाळतात ते विचारलं, गाळणीचं ऐकून त्या हसल्या, आणि मग त्यांची नजर खाली आली. "हे कोणत्या डिक्लेन्शनचं?" म्हणजे शब्द कोणत्या पद्धतीने चालवायचा, असं त्यांनी इतक्या हळू विचारलं की मला ती स्तुतीच वाटली. "पहिल्या," मी म्हणालो, आणि पुढे संस्कृत, माला, विल्यम जोन्स असं सगळं एका दमात सांगून टाकलं. माझ्या कोपराशी सातवीतला एक गोल चष्म्याचा मुलगा उभा होता. तो म्हणाला, "अंकल, '-एन्सिस' थर्ड डिक्लेन्शन असतं. गॅलियाम नार्बोनेन्सेम. विशेषणाची विभक्ती नामाशी जुळते, शेपूट जुळायलाच पाहिजे असं नाही." आणि त्याने मोसंबीचा रस प्यायला. आमची लेक तोवर चिनी कोपऱ्यात गेली होती आणि तिथल्या लोकांना ती आपलीच वाटावी अशा तन्मयतेने ब्रश चालवत होती.

ऑइलपेंट पुसला जात नाही. मॅडमनी तोडगा काढला: वर एक कागद चिकटवला, त्यावर लिहिलं, 'चुका शोधा'. त्या संध्याकाळी लॅटिनच्या कोपऱ्यात जेवढी गर्दी झाली तेवढी फ्रेंच खाण्याच्या टेबलालाही नव्हती. मुलं रांगेने येत होती, नार्बोनेन्सा शोधत होती, नार्बोनेन्साम शोधत होती, एका मुलीने तर मासालियासुद्धा शोधली, आणि मी शेजारी उभा राहून बक्षिसाच्या गोळ्या वाटत होतो. तो बोर्ड शाळेने ठेवून घेतला आहे. दरवर्षी नव्या मुलांना वापरायला.

घरी आल्यावर मी माळ्यावरून संस्कृतचं जुनं पुस्तक काढलं, कोल्हापूरहून का आणलं होतं देव जाणे, आणि उघडलं तर तिथे तेच. 'सीता सुमतिः'ची द्वितीया 'सीतां सुमतिम्'. सीता आकारान्त, सुमति इकारान्त; शेपटं वेगळी, विभक्ती एक. 'सीतायाः सुमतेः'. त्या पानावर माझ्याच अक्षरात 'व्हेरी इम्पॉर्टंट' असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या. विशेषणाने नामाचं लिंग, वचन आणि विभक्ती घ्यावी, हा श्लोकसुद्धा मला पाठ होता, आणि परीक्षेत तो लिहून मी पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. मला मार्क आले होते. संस्कृत आलं नव्हतं.

लेकीने दुसऱ्या दिवशी मला माफ केलं आणि शिकवणी सुरू केली. 'नार्बोनेन्सिस' मला एकदाचं समजलं ते मी त्याचं मराठी केल्यावर: '-एन्सिस' म्हणजे अमुक गावचा, आपलं '-कर'. नार्बोनेन्सिस म्हणजे नार्बोकर, लुग्दुनेन्सिस म्हणजे लुग्दुनकर, आणि आपला वड शास्त्रज्ञांच्या वहीत 'फायकस बेंगालेन्सिस', म्हणजे बंगालकर. या बाबतीत कोल्हापूरकर माणसाने अडावं हे विशेष. रोमन लेखक प्लिनीने म्हणे या नार्बोकर मुलखाबद्दल लिहून ठेवलं आहे की हा प्रांत कमी आणि इटलीच जास्त. शनिवारी सकाळी क्लेटन रोडवर कोथिंबिरीची जुडी हुंगणाऱ्या माणसांकडे पाहिलं की मला क्लेटनबद्दल असंच वाटतं: मेलबर्न कमी आणि ठाणंच जास्त. मी विचारलं, "मग 'क्लेटनमध्ये' याला लॅटिन काय?" तर कळलं की लॅटिनमध्ये सप्तमी जवळजवळ मेलेली आहे, फक्त गावांना, लहान बेटांना आणि दोन-चार शब्दांना उरली आहे, 'रोमाय' म्हणजे रोममध्ये, पण प्रांताला ती मिळत नाही, तिथे 'इन' लावून 'इन गॅलिया नार्बोनेन्सी' म्हणायचं. क्लेटन हे गाव की नुसतं उपनगर, यावर आमच्याकडे रात्री जेवताना बराच खल झाला. नगरपालिकेचं नाव 'सिटी ऑफ मोनॅश' आहे, तेव्हा सप्तमी द्यावी, असं माझं मत पडलं. सौ.चं मत, आधी ताट उचलावं.

सध्या मी थर्ड डिक्लेन्शनचा सराव साळुंकीवर करतो. आपली साळुंकी इथे ढिगाने आहे. १८६० च्या दशकात तिला पिकांवरचे किडे खाण्यासाठी म्हणून मेलबर्नला आणली, तिने ते काम सोडून इथल्या पाखरांच्या ढोल्या बळकावल्या, आणि आता सरकारदरबारी तिची गणना उपद्रवी पक्ष्यांत होते. एका कामासाठी आणलं, करते भलतंच. म्हणून तिच्याबद्दल मला आपुलकी आहे. तिचं शास्त्रीय नाव 'ॲक्रिडोथेरेस ट्रिस्टिस', ट्रिस्टिस म्हणजे दुःखी, आणि ते चालतं अगदी नार्बोनेन्सिससारखं: ट्रिस्टिस, ट्रिस्टेम, ट्रिस्टी. सकाळी कचऱ्याच्या डब्यावर बसलेल्या साळुंकीकडे बघून मी ते मोठ्याने म्हणतो. कुंपणापलीकडून ग्रीक आजोबा ऐकतात. 'ॲक्रिडोथेरेस' हा शब्द ग्रीक आहे, एवढं त्यांनी मला कळवलं आहे.

तेव्हा क्लेटन, ग्लेन वेव्हर्ली आणि पंचक्रोशीतल्या समस्त मराठी पालकांना विनंती, की मुलांनी लॅटिन घेतलं तर खुशाल घेऊ द्या, स्केलिंग खरोखर चांगलं आहे. तक्ता मात्र त्यांनाच करू द्या. आणि करायचाच झाला तर पेन्सिलने करा.